आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ३० नोव्हेंबर २०२४ ला, फेंगल चक्रीवादळाच्या दिवशी, मुंबईहून गेलेलं एक एअरबस ए३२० निओ चेन्नईत उतरता उतरता एका बाजूला झुकलं आणि पुन्हा वर गेलं. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आल्यापासून आईने जुलैतलं बंगळूर-मुंबई तिकीट रद्द करायचा धोशा लावलाय. वैमानिक चुकला का, इतक्या वाऱ्यात उतरायला गेलेच का, आणि विमान किती वाऱ्यापर्यंत उतरू शकतं, हे तुम्हाला हवंय.

मी आधी एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) उडवायचो, आता बरीच वर्षं ए३२० उडवतोय, त्यामुळे उदाहरणं बहुतेक याच विमानाची येतील. चेन्नईच्या त्या विमानाचा डेटा माझ्यापुढे नाही, तेव्हा आत बसलेल्या दोघांवर निवाडा द्यायला मी बसणार नाही. पण व्हिडिओत जे दिसतं ते का दिसतं, हे सांगता येईल. तुम्ही आणि आई ज्याला घाबरलात, म्हणजे विमान तिरकं तिरकं येणं, ते आम्हाला फारसा त्रास देत नाही. आमचा कस लागतो तो जमिनीजवळच्या शेवटच्या काही सेकंदांत, आणि त्याहून जास्त चाकं टेकल्यावर.

आधी आकड्यांचं बघू. वाऱ्याचा वेग एकटा काहीच सांगत नाही, तो धावपट्टीशी किती अंशांचा कोन करतो ते सोबत लागतं. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. रनवे २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. वारा ३० अंश तिरका असेल तर त्याचा अर्धा भाग आडवा धरायचा, ४५ अंशांना पाऊण, ६० च्या पुढे पूर्ण. शाळेतल्या साइनच्या कोष्टकाशी हे तंतोतंत जुळत नाही, पण टॉवरने वारा सांगितल्यावर तोंडी एवढंच करता येतं, आणि फरक पडलाच तर तो सुरक्षित बाजूला पडतो. वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

आई मुंबईला उतरणार आहे, तर मुंबईचंच घ्या. पावसाळ्यात तिथे वारा बहुतेक नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून असतो. समजा २५० अंशांवरून २५ नॉट. मुख्य धावपट्टीवर, २७ वर, तो जवळजवळ समोरून येतो. आडवा भाग साडेआठ नॉट, समोरचा साडेतेवीस. समोरचा वारा आम्हाला हवाच असतो, कारण जमिनीवरचा वेग तेवढा कमी होतो. आता हाच वारा तिला छेदणाऱ्या १४/३२ या धावपट्टीवर घ्या. कोन ७० अंशांचा झाला, आडवा भाग साडेतेवीस नॉट. ३२ वर उतरलात तर उरलेले साडेआठ समोरून, १४ वर उतरलात तर तेच साडेआठ पाठीमागून. आभाळ तेच, वारा तोच, आणि काम दुप्पट-तिप्पट अवघड.

हे नुसतं कागदावरचं नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक बोइंग ७३७ मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या टोकाबाहेर जाऊन रुतलं आणि ५ जुलैपर्यंत ती धावपट्टी बंद राहिली. सगळी वाहतूक १४/३२ वर आली. ती पाचशेहून जास्त मीटरने आखूड, ३२ च्या वाटेत ट्रॉम्बेची टेकडी, आणि वरून मॉन्सूनचा वारा आडवा. कित्येक विमानं रद्द झाली, कित्येक दुसरीकडे वळवली. टर्मिनलवर लोक चिडले होते. ‘दुसरी धावपट्टी चालू आहे ना, मग अडचण काय,’ असं तेव्हा मलाही बऱ्याच नातेवाइकांनी विचारलं. अडचण ही होती.

आता हवेत काय होतं ते. कोकणात खाडी ओलांडणारा तरीवाला समोरच्या धक्क्याकडे नाक धरून होडी वल्हवत नाही. तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला नाक धरतो आणि तिरका जात नेमका धक्क्याला लागतो. विमानाचं अगदी तसंच आहे. ए३२० साधारण १३५ ते १४० नॉटने उतरतं. आडवा वारा ३० नॉट असेल तर धावपट्टीच्या रेषेवर राहायला नाक सुमारे १२ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. यालाच आम्ही क्रॅब म्हणतो. विमान हवेत सरळच उडत असतं, ती हवा तेवढी जमिनीवरून सरकत असते. म्हणून नुसत्या, एकसारख्या आडव्या वाऱ्यात प्रवाशाला बाजूने ढकलल्यासारखं काही वाटत नाही. व्हिडिओ काढणारा धावपट्टीच्या टोकाला मोठी लेन्स घेऊन उभा असतो. लेन्स अंतर चेपते आणि १२ अंश बघणाऱ्याला ३० वाटतात.

धक्के बसतात ते झोतांमुळे. वारा २० चा ३५ होतो, परत १८ होतो, दिशाही दहा-वीस अंश हलते. हँगर, झाडं, टेकड्या यांच्या आडून येणारा वारा आणखी फाटका असतो. मला कोणी ‘२८ नॉट एकसारखा’ आणि ‘१८ नॉट, झोत ३०’ यांतलं एक निवडायला सांगितलं, तर मी डोळे मिटून पहिला घेईन. एकसारख्या वाऱ्यात पाचशे फुटांवर जे नाक लागलंय तेच जमिनीपर्यंत टिकतं. झोतांमध्ये दर दोन सेकंदांनी नवा हिशेब मांडावा लागतो.

शेवटचे पन्नास फूट जरा सावकाश सांगतो, कारण व्हिडिओतला सगळा प्रकार इथलाच आहे.

वारा डावीकडून आहे असं धरा. नाक डावीकडे वळलेलं आहे. आम्ही बसतो मुख्य चाकांच्या सुमारे पंधरा मीटर पुढे, त्यामुळे १२ अंशांच्या क्रॅबमध्ये चाकं मधल्या रेषेवर हवी असतील तर मला स्वतःला रेषेच्या डावीकडे साधारण तीन मीटर असायला लागतं. नवा पायलट इथे फसतो. तो स्वतःला रेषेवर आणतो आणि चाकं उजवीकडे पडतात. रेडिओ अल्टिमीटर उंची बोलत असतो: फिफ्टी, फोर्टी, थर्टी. तीसच्या आसपास नाक किंचित वर घ्यायचं, म्हणजे फ्लेअर, आणि त्याच ओघात उजवा पाय रडरवर (शेपटीवरचं, नाक वळवणारं सुकाणू) दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत फिरवायचं. नाक उजवीकडे फिरताना डावा पंख पुढे जातो, त्याच्यावरून हवा जास्त वेगाने वाहते आणि तो उचलला जातो. शिवाय जेटचे पंख मागे झुकलेले असतात. नाक सरळ झालं की वाऱ्याकडच्या पंखाला हवा जास्त सरळ भिडते, तो आणखी उठू बघतो. म्हणून कॅप्टनच्या डाव्या हातातली साइडस्टिक (विमान झुकवायची छोटी दांडी) थोडी डावीकडे. पाय उजवीकडे, हात डावीकडे, आणि दोन्ही किती ते मोजायला साधन नाही, बाहेर बघून कळतं तेवढंच.

वेळही गाठावी लागते. नाक सरळ झालं त्या क्षणापासून क्रॅबचा आधार गेला, विमान वाऱ्याबरोबर उजवीकडे वाहायला लागतं. दोन-तीन सेकंदांत चाकं टेकली तर ठीक. लवकर सरळ केलं आणि मग विमान तरंगत राहिलं, तर रेषा हातातून जाते. फारच उशीर केला तर तिरक्या चाकांवर टेकतं, आणि प्रवाशांना बाजूने एक कचका बसतो. यात थोडी सूट असते. एअरबस म्हणतं की जोराच्या आडव्या वाऱ्यात पाच अंशांपर्यंत क्रॅब शिल्लक ठेवून आणि पाच अंशांपर्यंत पंख वाऱ्याकडे झुकवून टेकायला हरकत नाही. म्हणजे पूर्ण सरळ करायचा अट्टहास नको. त्याहून जास्त झुकवता येत नाही, कारण पंखांखालची इंजिनं जमिनीजवळ आलेली असतात. एटीआरचे पंख आणि इंजिनं वर, त्यामुळे तिथे आम्ही वाऱ्याकडचा पंख मोकळेपणाने खाली ठेवून आधी एक चाक टेकवायचो. तीच सवय घेऊन ए३२० वर येणाऱ्यांना पहिले काही महिने मोडावी लागते.

आता याच क्षणी, नाक सरळ करताना, डावीकडून मोठा झोत आला तर? उठू बघणारा डावा पंख झटक्यात वर जातो, उजवा खाली. दुरुस्ती केली आणि तेवढ्यात झोत ओसरला, तर दुसऱ्या बाजूला झुकतं. व्हिडिओतलं ते हेलकावणं बहुतेक असंच घडतं.

चाकं टेकली की प्रवासी टाळ्या वाजवतात. माझ्या मते आडव्या वाऱ्याचा अर्धा भाग तिथून पुढे असतो, पण त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

विमान आता हवेचं राहिलं नाही, चाकांचं झालं. शेपटीचा उंच, उभा पंख मुख्य चाकांच्या बराच मागे आहे. वारा त्याला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे फिरू बघतं. सुरुवातीला वेग असतो तोवर रडर पुरतं. वेग उतरत जातो तसं रडर मंदावतं, आणि नाकाच्या चाकाची पकड हळूहळू कामाला येते. ए३२० मध्ये पायाच्या पॅडलने ते चाक दोन्हीकडे सहा अंशांपर्यंत वळतं. रडर संपत आलंय आणि चाकाचा भरवसा अजून पुरता आलेला नाही, असा मधला एक टप्पा असतो. तिथे पाय जागा ठेवावा लागतो.

गंमत म्हणजे या टप्प्यावर हाताने काय करायचं यावर दोन कंपन्यांचं एकमत नाही. बोइंग सांगतं, वाऱ्याकडे एलरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान झुकवणारी फळी) धरून ठेवा, पंख उठू देऊ नका. एअरबस सांगतं, जमिनीवर साइडस्टिक वाऱ्याकडे धरून ठेवू नका, त्याने त्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो आणि नाक वाऱ्याकडे फिरायची ओढ आणखी वाढते. आपापल्या विमानापुरते दोघे बरोबर. म्हणून इंटरनेटवर वाचलेली एखादी ‘क्रॉसविंडची पद्धत’ कुठल्या विमानाची आहे ते आधी बघा.

पावसाने यात भर पडते. टायरकडे पकड ठरावीक असते. तिच्यातली जास्त ब्रेकसाठी वापरली तर विमानाला बाजूने धरून ठेवायला कमी उरते. रिव्हर्स थ्रस्टचंही, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनांचा जोर उलटा वळवतो त्याचंही, तसंच. विमान सरळ असताना तो मागे ओढतो. नाक वाऱ्याकडे फिरलेलं असेल तर तो तिरका ओढतो, म्हणजे वारा ज्या बाजूला ढकलतोय त्याच बाजूच्या कडेकडे विमानाला नेतो. अशा वेळी शिकवलेला उपाय वाचायला विचित्र वाटेल: रिव्हर्स कमी करा, ब्रेक सोडा, आधी विमान सरळ करून रेषेवर आणा, मग पुन्हा थांबवायचं बघा. धावपट्टी संपत चाललेली असताना ब्रेकवरून पाय काढणं जिवावर येतं. सिम्युलेटरमध्ये ते पुन्हा पुन्हा करून घेतात ते यासाठीच.

एवढं ध्यानात घेऊन ‘शेवटच्या मर्यादेकडे’ येऊ. ए३२० च्या पुस्तकात लँडिंगसाठी आकडा आहे ३३ नॉट, झोत ३८ पर्यंत. ३८ नॉट म्हणजे ताशी ७० किलोमीटर. पण हा आकडा म्हणजे विमानाची ताकद संपली ती जागा नव्हे. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणांचा नियम असा की निर्मात्याने किमान २० नॉट, किंवा विमानाच्या स्टॉल वेगाचा (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत, त्या वेगाचा) पाचवा भाग, यांतलं जे जास्त असेल तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान सुरक्षित उतरतं हे करून दाखवायचं, २५ च्या वर सक्ती नाही. पुढे निर्माते आपणहून जोराचा वारा शोधत हिंडतात. ए३८० आणि बोइंग ७८७ यांनी त्यासाठी आइसलंडमधलं केफ्लाविक गाठलं होतं. चाचणीच्या दिवशी जेवढा वारा मिळाला, चाचणी वैमानिकाने ज्यात उतरून दाखवलं, तो आकडा ‘दाखवलेला कमाल वारा’ म्हणून छापला जातो.

दाखवलेला कमाल म्हणजे बंधन की नुसती माहिती? हा प्रश्न १ मार्च २००८ ला हॅम्बुर्गमध्ये ऐरणीवर आला. म्युनिकहून आलेलं लुफ्तान्साचं ए३२०, एमा नावाचं वादळ, रनवे २३. उतरताना टॉवरने दिलेला वारा: ३०० अंशांवरून ३३ नॉट, झोत ४७. वर सांगितलेलं गणित लावा. कोन ७० अंश. एकसारखा वारा ३१ नॉट आडवा, पुस्तकातल्या ३३ च्या आत. झोत मात्र ४४, ३८ च्या बराच पुढे. वारा उजवीकडून होता. डावं चाक टेकलं, विमान उसळलं, आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. त्यांनी पुन्हा उड्डाण केलं आणि मग रनवे ३३ वर उतरले. तिथे त्याच वाऱ्याचा कोन फक्त ३० अंश होतो, म्हणजे ४७ चा झोतही साडेतेवीसच आडवा. विमानातल्या १३७ जणांपैकी कोणाला इजा झाली नाही.

जर्मन तपास यंत्रणेच्या अहवालातले दोन मुद्दे आजही प्रशिक्षणात येतात. एक, डावं चाक टेकताच विमानाच्या संगणकाने ‘आपण जमिनीवर आहोत’ असं धरलं आणि पंख हलवायची ताकद सुमारे निम्म्याने घटली, विमान मात्र अजून पुरतं जमिनीवर नव्हतं. दोन, ‘दाखवलेला कमाल वारा’ म्हणजे नक्की काय, याबद्दल वैमानिकांमध्येच एकवाक्यता नव्हती. आता बहुतेक विमानसेवा कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये ती संदिग्धता ठेवत नाहीत. आकडा हा आकडा, झोतासकट, त्याच्या पुढे नाही.

शिवाय तोच आकडा रोज लागू नसतो. धावपट्टीची पकड उतरत जाते तसा तो झपाट्याने खाली येतो. ‘मध्यम’ पकडीला ३८ चा २५ होतो, ‘वाईट’ला १५. को-पायलटची मर्यादा कॅप्टनपेक्षा बरीच कमी. विमानात एखादा बिघाड असेल तर आणखी कमी. म्हणून ‘ए३२० किती वाऱ्यात उतरतं’ याचं एका आकड्यात उत्तर नाही. कुठल्या कंपनीचं, कुठल्या धावपट्टीवर, पाऊस पडून गेलाय की पडतोय, आणि हातात कोणाच्या, हे विचारल्याशिवाय कोणी ठामपणे आकडा सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि वारा तरी कुठला? हवामान अहवालातला वारा दहा मिनिटांची सरासरी असतो, टॉवर सांगतो तो दोन मिनिटांची. दोन्ही मोजले जातात धावपट्टीशेजारी दहा मीटर उंचीच्या खांबावर. विमान जिथे आहे तिथला, त्या सेकंदाचा वारा कोणीच मोजत नसतं. २० डिसेंबर २००८ ला डेन्व्हरमध्ये एक ७३७ उड्डाणासाठी धावताना बाजूला भरकटून धावपट्टीबाहेर गेलं. टॉवरने सांगितला होता २७ नॉट, आणि विमानाला गाठलं ४५ नॉटच्या झोताने. टॉवरचा आकडा मर्यादेत बसला म्हणून मी कधी निर्धास्त होत नाही. मी गेल्या वीस मिनिटांत तो आकडा कसा हलला ते बघतो, आणि आधी उतरलेल्या विमानाने काय सांगितलं ते ऐकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मग गेलेच का? कारण निघताना, आणि अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे खाली येणं, सुरू करतानाही, वारा मर्यादेत असू शकतो. वादळाच्या पट्ट्यांमध्ये तो दहा मिनिटांत चढतो आणि उतरतो. अप्रोच सुरू करणं म्हणजे उतरायची शपथ घेणं नव्हे. विमानतळ लांब असतानाच आम्ही दोघे बोलून घेतो: आडवा वारा अमुक झाला तर सोडायचं, पाचशे फुटांवर वेग, रेषा, उतार यांतलं काही बसलेलं नसेल तर सोडायचं, किती प्रयत्न करायचे, कुठे वळायचं, त्याला इंधन किती लागेल. त्यानंतर दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर, म्हटलं की वाद घालायचा नसतो. को-पायलट म्हणाला तरी कॅप्टनने निमूट वर जायचं. चाकं टेकल्यावरसुद्धा ही वाट उघडी असते. ती बंद होते रिव्हर्स थ्रस्ट उघडल्यावर. तो उघडला की मग थांबायचंच.

म्हणून तो व्हिडिओ मी बघतो तेव्हा मला झुकणं दिसतं आणि लगेच पाठोपाठ इंजिनांची पूर्ण ताकद आणि वर जाणारं नाक दिसतं. तुम्ही पहिल्या भागावर अडकलात, माझी नजर दुसऱ्यावर जाते. झुकल्यानंतर कसंबसं सरळ करून, धावपट्टीच्या मध्यावर, ओल्यात टेकवण्याचा मोह होण्यासारखी ती जागा होती. तिथे सोडून दिलं, हे चांगलंच झालं. पुढे त्या दिवशी वादळ जवळ आल्यावर विमानतळच बंद केला गेला, तो मध्यरात्रीनंतर उघडला.

एकाने मध्ये विचारलंय की एवढं अवघड असेल तर संगणक का उतरवत नाही. उतरवतो, पण दाट धुक्यात, जेव्हा वारा सहसा पडलेला असतो. ए३२० च्या ऑटोलँडची आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट आहे, माणसाच्या ३८ च्या जवळपास निम्मी. फाटक्या झोतांमध्ये अजून तरी हातच लागतो.

आणि खरं सांगायचं तर जुलैतल्या भारतीय विमानतळांवर मला आडव्या वाऱ्याइतकीच, कदाचित जास्त, काळजी पाठीमागच्या वाऱ्याची वाटते. तो दिसत नाही, त्याचे व्हिडिओ होत नाहीत, विमान छान सरळ येतं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात, ओल्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा घेत आलेलं ७३७ धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं, टेबलटॉपच्या, म्हणजे टेकडी सपाट करून केलेल्या धावपट्टीच्या, टोकावरून खाली गेलं आणि २१ जण गेले. तपासात मूळ कारण निघालं ते हे की अप्रोच स्थिर नव्हता आणि तरी तो चालू ठेवला, गो-अराउंड केलं नाही. आडवा वारा निदान अंगावर येऊन सांगतो की मी इथे आहे.

आईसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. जुलैत मुंबईला येताना हेलकावे बसतील, ते धरून चाला. सकाळची वेळ घ्या, उशीर झालाच तर दिवस हाताशी राहतो, आणि पुढची जोडणारी गाडी किंवा विमान घट्ट बांधू नका. पंखाजवळची जागा घ्या. नाक सरळ करताना विमान मध्याभोवती फिरतं, त्यामुळे सगळ्यात मागच्या रांगांना बाजूचा झोका जास्त लागतो. ओल्या धावपट्टीवर विमान जरा आपटून टेकलं तर ते बहुतेक मुद्दाम असतं. अलगद टेकवायला गेलं की विमान तरंगतं, धावपट्टी वाया जाते, आणि पाण्याच्या थरावरून चाकं घसरायची शक्यता वाढते. उतरताना मऊ लागलं म्हणून लोक आमचं कौतुक करतात, पण पावसात मी स्वतः प्रवासी असतो तेव्हा मला ठाम टेकलेलं आवडतं.

आणि गो-अराउंड झालंच तर काय होतं ते त्यांना आधी सांगून ठेवा: इंजिनांचा आवाज एकदम वाढतो, पाठ खुर्चीला दाबली जाते, चाकं आत जाताना खालून धप्प आवाज येतो. त्यानंतर पाच-दहा मिनिटं कॉकपिटमधून काहीही ऐकू येत नाही. त्या वेळात आम्ही विमान ठरलेल्या उंचीवर नेत असतो, टॉवरशी आणि रडारशी बोलत असतो, इंधन बघून पुन्हा प्रयत्न की दुसरा विमानतळ ते ठरवत असतो. घोषणा या सगळ्याच्या नंतर येते.